कडू वेलीची मात्रा

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला तो आजीच्या बटव्याचा. सोबत अटही घातली: आठवणी नकोत. बटव्यातलं एकच औषध उचलायचं आणि ते कुठून येतं, कुणाच्या हातून जातं, कुणाला लागू पडतं आणि कुणाला बाधतं हे जाऊन बघायचं. मी गुळवेल उचलली. करोनाच्या दोन वर्षांत ही वेल गावच्या बांधावरून उठून शहरातल्या सोसायट्यांच्या कुंपणावर चढली. त्याच दोन वर्षांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी तिच्याबद्दल धोक्याचा इशाराही दिला. इतकी जुनी, इतकी विश्वासाची वनस्पती आणि इतका गंभीर आरोप. यातलं खरं काय, ते मला समजून घ्यायचं होतं.

पान नसलेली वेल

शहापूर मागे टाकून खर्डीकडे निघालं की हमरस्त्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी कातकऱ्यांच्या वाड्या लागतात. फाल्गुन सरत आला होता. सागाची वाळकी पानं पायाखाली करकरत होती, पळसाचा बहर झडायला लागला होता. माझ्यापुढे कोयता घेऊन चाललेल्या मावशी साठीच्या घरातल्या असाव्यात. मी झाडाझाडावर बदामी आकाराची पानं शोधत होते, कारण पुस्तकातल्या चित्रात गुळवेल तशीच असते. मावशी एका ऐनाखाली थांबल्या आणि म्हणाल्या, "पान आता कुठलं, ताई? साल बघा."

उन्हाळ्यात गुळवेल पानं गाळते. उरतं ते अंगठ्याएवढं जाड, राखाडी खोड, झाडाला विळखे घालत गेलेलं. मावशींनी नखानं खरवडलं तसा वरचा पातळ पापुद्रा सुटून आला आणि खाली हिरवागार थर दिसला. कोयत्याचा एक घाव घालून त्यांनी कांडी माझ्या हातात दिली. कापलेल्या तोंडावर मधोमध एक बिंदू आणि तिथून कडेपर्यंत बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा. बोटांना चिकट रस लागला. जिभेवर ठेवल्यावर क्षणभर काहीच जाणवत नाही, मग जो कडवटपणा येतो तो पाणी प्यायलं तरी जात नाही.

वेलीवरून खाली बारीक, लांबच लांब मुळं लोंबत होती. ही वेल चिवट आहे ती त्यांच्यामुळे. बुंध्यापाशी तोडली तरी वरचा भाग मरत नाही, झाडावरूनच हवेत मुळं सोडत राहतो. ती जमिनीला टेकली की वेल पुन्हा स्वतःच्या पायावर उभी. घरी नेऊन कुंडीत खोचलेली कांडीही आठ-पंधरा दिवसांत फुटते. शहरात ती इतक्या झपाट्यानं पसरली त्याचं हे एक कारण.

मावशींच्या घरी तापाला गुळवेल देतात. वीतभर कांडी ठेचायची, रात्रभर पाण्यात घालायची, सकाळी गाळून अर्धी वाटी प्यायला द्यायची. "तीन दिस. तीन दिसांत ताप उतरला नाय तर दवाखान्यात न्यायचं." आणि ताप नसताना, अंगात ताकद राहावी म्हणून? त्यांना प्रश्नच नीट कळला नाही. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ताप नाय तर औषीद कशाला प्यायचं?"

पुढे आयुर्वेदाचे वैद्य, यकृताचे डॉक्टर आणि औषधशास्त्राचे प्राध्यापक भेटले, पण मावशींच्या या उत्तराहून नेमकं उत्तर मला मिळालं नाही.

ओली, सुकी आणि सत्त्व

कातकरी एके काळी खैराचा काथ पाडत. तो धंदा बंद झाला, कोळशाच्या भट्ट्या गेल्या, मग वीटभट्ट्या आल्या. दिवाळीनंतर वाडीच्या वाडी घराला कडी घालून भट्टीवर जायची आणि पावसाच्या तोंडावर परतायची. उचल घेतलेली असायची, ती फिटायची नाही. या चक्रातून काही घरांना बाहेर काढायला गुळवेलीनं हातभार लावला, ही शहापूर तालुक्यातली गेल्या काही वर्षांतली मोठी घडामोड आहे. इथल्या आदिवासी तरुणांच्या संस्थेनं केंद्र सरकारच्या वनधन योजनेत वनोपजाचं संकलन केंद्र सुरू केलं. टाळेबंदीनंतर मोठ्या औषधकंपन्यांकडून या केंद्राला जी मागणी आली ती दीड कोटी रुपयांच्या घरात होती.

संकलन केंद्राच्या पडवीत बायका वेलीचे बोटभर तुकडे करत बसल्या होत्या. तुकडे ताडपत्रीवर पसरायचे, दिवसातून दोनदा खालीवर करायचे. तीन-चार किलो ओल्या वेलीची किलोभर सुकी होते. वाळवणाला दव लागलं की बुरशी धरते आणि कंपनीचा माणूस गोणीत हात घालून वास घेतो तेव्हा अख्खी गोणी परत येते. त्यामुळे संध्याकाळी ताडपत्री गोळा करण्याची घाई मोठी असते.

मागणी वाढल्यावर काही जणांनी वेल मुळासकट ओढून काढली, हे केंद्रातल्या तरुणांनी स्वतःहून सांगितलं. आता त्यांचा नियम आहे: जमिनीपासून हातभर खोड सोडायचं, कोवळी वेल तोडायची नाही, एका झाडावरची सगळी उतरवायची नाही. हा नियम पाळणाऱ्याला त्या दिवशी कमी पैसे मिळतात. वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर ग्रामसभेला अधिकार दिला आहे, पण मुंबईतल्या गुळवेलीच्या रसाच्या बाटलीची किंमत आणि वाडीतल्या ओल्या किलोचा भाव यांतली दरी त्या अधिकारानं बुजलेली नाही. याचा राग मला तिथे बसल्या बसल्या आला आणि अजून गेलेला नाही.

गुळवेलीचं सत्त्व काढण्याची रीत मात्र मला तालुक्याच्या गावी एका वैद्यांच्या घरी बघायला मिळाली. ताज्या वेलीची साल काढून, ठेचून ती भरपूर पाण्यात रात्रभर भिजत घातलेली होती. सकाळी वैद्यबाईंनी बाह्या सारून ती पाण्यातच कुस्करली, चोळली, पाणी धोतराच्या कापडातून गाळून पसरट पातेल्यात ठेवलं. दुपारपर्यंत तळाला पांढरा साका बसला. वरचं पाणी हलक्या हातानं ओतून दिलं आणि साका ताटात वाळत टाकला. पातेलंभर वेलीतून मूठभरही निघालं नाही. म्हणूनच बाजारात स्वस्त मिळणाऱ्या सत्त्वात दुसरं पिष्ट मिसळलेलं असतं, असं त्या म्हणाल्या. खरं सत्त्व मुख्यतः पिष्टमयच असल्यानं नुसतं बघून भेसळ ओळखणं सोपं नाही.

काढ्याची रीत वेगळी: एक भाग भरड, सोळा भाग पाणी, मंद आचेवर आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. रस वेगळा, चूर्ण वेगळं, आणि वेलीचा काढा पुन्हा आटवून घट्ट केलेल्या घनाच्या गोळ्या, म्हणजे संशमनी वटी, त्या आणखी वेगळ्या. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशात चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम आहे आणि काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम भरड. एकच वेल, पण रूप बदललं की मात्रा बदलते. घराघरांत हा हिशेब कधी सुटला, ते पुढे येईलच.

वॉर्डातली गुळवेल

गुळवेलीचा गुण ही नुसती ऐकीव गोष्ट असती तर हा लेख सोपा झाला असता. पण मुंबईच्या केईएम रुग्णालयात आणि त्याला जोडलेल्या सेठ गो. सु. वैद्यकीय महाविद्यालयात १९८०च्या दशकापासून या वेलीवर पद्धतशीर काम झालं आहे. औषधशास्त्राच्या डॉ. शरदिनी डहाणूकर, म्हणजे 'फुलवा' आणि 'हिरवाई'मुळे मराठी वाचकांच्या ओळखीच्या शरदिनीबाई, त्यांच्या सहकारी डॉ. निर्मला रेगे आणि शल्यचिकित्सक डॉ. रवी बापट यांनी एक अवघड प्रश्न हाती घेतला होता.

पित्तनलिका गाठीमुळे किंवा अन्य कारणानं बंद झाली की कावीळ होते. ती शस्त्रक्रियेनं मोकळी करता येते. पण अशा रुग्णाची प्रतिकारशक्ती इतकी खालावलेली असते की शस्त्रक्रिया नीट होऊनही रक्तात जंतू पसरून माणूस दगावतो. प्रतिजैविकं जंतू मारतात, पण जंतू गिळणाऱ्या पेशीच मलूल असतील तर त्यांचा जोर अपुरा पडतो. या पेशी जाग्या करता येतील का, हा प्रश्न होता.

१९९३मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात अशा ३० रुग्णांची हकीकत आहे. काहींना नेहमीचे उपचार दिले; काहींना नेहमीच्या उपचारांबरोबर, पित्ताचा निचरा चालू असेपर्यंत, दर किलो वजनामागे दिवसाला १६ मिलिग्रॅम या हिशेबानं गुळवेलीचा अर्क. पहिल्या गटातल्या निम्म्या रुग्णांमध्ये रक्तात जंतुसंसर्ग झाल्याची लक्षणं दिसली, दुसऱ्या गटात एकातही नाही. शस्त्रक्रियेनंतर वाचलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के होतं, दुसऱ्यात ९२ टक्क्यांच्या वर. रुग्ण थोडे होते, त्यामुळे एवढ्यावरून मोठे निष्कर्ष काढायचे नसतात. तरी हे आकडे वाचून अंगावर काटा येतो.

पुढे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी याच वेलीच्या खोडातून एक बहुशर्करा वेगळी काढली आणि ती प्रतिकारपेशींना चेतवते हे दाखवलं. आयुर्वेद जिला रसायन म्हणतो तिच्यात प्रतिकारयंत्रणा हलवण्याची ताकद आहे, याचा प्रयोगशाळेतला हा एक पुरावा.

केईएमच्या कामातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तिथे मात्रा रुग्णाच्या वजनावर बेतलेली होती. मुदत ठरलेली होती. रुग्ण खाटेवर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली होता. मुंबईतच सत्तावीस वर्षांनी गुळवेल पुन्हा गाजली तेव्हा यातलं काहीच उरलं नव्हतं.

टाळेबंदीतला पेला

२०२०मध्ये लस नव्हती, खात्रीचं औषध नव्हतं आणि माणसं घरात कोंडलेली होती. अशा वेळी हाताशी असलेल्या गोष्टीचा आधार घेणाऱ्याला नावं ठेवणं मला पटत नाही. आयुष मंत्रालयानं ऑक्टोबर २०२०मध्ये काढलेल्या राष्ट्रीय उपचार-संहितेत गुळवेल होती. घनवटी ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पंधरा दिवस किंवा महिनाभर, असं त्यात लिहिलेलं होतं. मुदत होती. पण घरोघर पोचली ती गुळवेल, मुदत नाही.

ठाण्याच्या एका वसाहतीत राहणाऱ्या बाईंनी मला त्यांचा तेव्हाचा परिपाठ सांगितला. सोसायटीच्या गेटजवळच्या कडुनिंबावर वेल होती. निंबावरची गुळवेल अधिक गुणकारी मानतात, म्हणून सगळ्यांची तिच्यावर झुंबड. सकाळी वेलीचा काढा, त्यात दालचिनी, मिरी, सुंठ. दुपारी बाटलीतला रस. रात्री झोपताना गोळी, कारण मुलानं ऑनलाइन मागवली होती. सासूबाईंना थायरॉइडचा त्रास, नवऱ्याला मधुमेह. दोघांनाही तेच, तेवढंच. हे सात-आठ महिने चाललं. त्यांच्या घरात कुणाला अपाय झाला नाही. पण वेलीची तीन रूपं एका दिवसात एकाच पोटात जात होती आणि त्यांची बेरीज कुणी केली नव्हती.

बाजारात मी रसाची एक बाटली हातात घेऊन बघितली. किती घ्यायचा ते मिलिलिटरमध्ये छापलं होतं. किती दिवस घ्यायचा आणि कुणी घेऊ नये, याबद्दल लेबलावर अवाक्षर नव्हतं.

सहा रुग्ण, मग त्रेचाळीस

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या डॉक्टरांकडे कावीळ झालेले सहा रुग्ण आले. विषाणूजन्य कावीळ नव्हती, दारूचा संबंध नव्हता. सगळ्यांत समान धागा गुळवेलीचा निघाला. २०२१मध्ये या रुग्णांवरचा डॉक्टरांचा निबंध प्रसिद्ध झाल्यावर गदारोळ उठला. आयुष मंत्रालयानं तो दिशाभूल करणारा ठरवला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती होती हे डॉक्टरांनी तपासलेलं नाही, हा मंत्रालयाचा मुख्य आक्षेप होता. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांचा एकत्रित अभ्यास आला. त्यात ४३ रुग्ण होते. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवसांचा होता आणि जवळपास दोन-तृतीयांश रुग्णांमध्ये, शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्याच्या खुणा होत्या.

असे रुग्ण तपासलेल्या मुंबईच्या एका यकृततज्ज्ञांना मी भेटले. आवाज न चढवता ते बोलत होते. "गुळवेल विष आहे असं मी कधीच म्हणणार नाही," ते म्हणाले. "विष सगळ्यांना बाधतं. हे तसं नाही. लाखोंनी घेतली, त्यांतल्या फार थोड्यांना त्रास झाला. पण ज्यांना झाला त्यांच्या यकृताचे एन्झाइम हजारात गेले होते." त्यांच्या समजुतीनुसार घडतं ते असं: काहींच्या शरीरात स्वयंप्रतिकार आजाराची प्रवृत्ती दबून असते. अनेकदा ती थायरॉइडच्या रूपानं आधीच डोकावलेली असते. प्रतिकारयंत्रणा चेतवणारं काही महिनोन्महिने दिलं की ती प्रवृत्ती उसळते. बहुतेक रुग्ण वेल बंद केल्यावर आणि गरज पडली तर स्टेरॉइड दिल्यावर बरे होतात. यकृत आधीच खराब असलेल्यांचं काही सांगता येत नाही.

म्हणजे केईएमच्या वॉर्डात जी ताकद जीव वाचवायला कामी आली, तीच इथे चुकीच्या माणसाच्या बाबतीत उलटली. मला तरी या दोन गोष्टींत विरोध दिसत नाही. गुळवेल निरुपद्रवी आहे असं म्हणणारा माणूस नकळत ती निरुपयोगी आहे असंच म्हणत असतो, कारण जे औषध शरीरात काही हलवतं ते कुणाच्या तरी शरीरात नको ते हलवू शकतं.

डॉक्टरांची खरी अडचण निदानाची नव्हे, रुग्णांच्या बोलण्याची होती. "कोणती औषधं घेता?" असं विचारलं की लोक बीपीची गोळी सांगतात, साखरेची सांगतात. काढा सांगत नाहीत. तो त्यांच्या लेखी औषधच नसतो. आता ते प्रश्न वेगळा विचारतात: सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत पोटात काय काय जातं? तेव्हा कुठे चौथ्या-पाचव्या वाक्यात गुळवेल निघते.

दुसरी वेल

मंत्रालयाचा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. गुळवेलीची एक बहीण आहे, टिनोस्पोरा क्रिस्पा. मूळची आग्नेय आशिया आणि आपल्या ईशान्येकडची, पण हौशी लोकांमुळे आणि रोपवाटिकांमुळे इतरत्रही पोचलेली. यकृताला ती बाधल्याच्या नोंदी आहेत. फेब्रुवारी २०२२मध्ये मंत्रालयानं दोघींतला फरक समजावणारं निवेदन काढलं. क्रिस्पाच्या खोडावर ठळक फोड असतात, तिच्यातून दुधाळ चीक येतो, फुलाला तीन पाकळ्या आणि फळ लांबट. आपल्या गुळवेलीला तसे फोड नाहीत, चीक दुधाळ नाही, पाकळ्या सहा, फळ गोल आणि पिकलं की लालभडक. तिसरी एक केसाळ पानांची बहीणही सह्याद्रीत आढळते. तिन्हींची पानं लांबून सारखीच बदामी. शहरातला माणूस पान बघून वेल तोडतो, आणि पानावरूनच तर फसायला होतं.

हे वाचल्यावर मला मावशींची खरवड आठवली. पान नसतानाही त्या वेल ओळखतात, ते खोडावरून. शहापूरच्या केंद्रात नवीन येणाऱ्यांना ज्येष्ठ बायका हेच शिकवतात: पापुद्रा सोलून बघ, अंगावर फोड असतील तर हात लावू नको, चीक बघ. कंपनीच्या प्रयोगशाळेत पुढे रासायनिक तपासणी होते. पण गोणीत चुकीची वेल जाऊ नये याची पहिली जबाबदारी या बायकांच्या डोळ्यांवर आणि नखांवर असते आणि त्याचे वेगळे पैसे त्यांना मिळत नाहीत.

अर्थात त्रेचाळीसच्या त्रेचाळीस रुग्णांनी भलतीच वेल खाल्ली असेल, असं मानायला मात्र माझं मन तयार नाही. अनेकांनी तयार गोळ्या आणि रस घेतले होते. त्यात भलती वेल असेल तर दोष कंपन्यांचा, खरी असेल तर प्रश्न वेलीच्या वापराचा. दोन्ही बाबतींत उत्तर रुग्णानं शोधायचं नसतं. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी यंत्रणा देशात आहे, तिचं राष्ट्रीय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. मी ज्या-ज्या घरी विचारलं तिथे कुणालाही तिचा पत्ता नव्हता.

आधी विचारायचे प्रश्न

सत्त्व काढून दाखवणाऱ्या वैद्यबाईंकडे मी पुन्हा गेले. यकृताच्या डॉक्टरांचं म्हणणं त्यांना सांगताना मला थोडा संकोच वाटत होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि समोरची चिठ्ठ्यांची वही पुढे सरकवली. गुळवेल त्या आजही देतात: जीर्णज्वरात, आमवातात, त्वचेच्या काही तक्रारींत. पण प्रत्येक चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे मात्रा आणि त्याच्याही पुढे दिवस लिहिलेले. सात. पंधरा. एकदोन ठिकाणी एकवीस. त्यापुढे द्यायची तर रुग्णाला परत बोलावून.

अलीकडे त्या काही प्रश्न आधी विचारतात. थायरॉइड, संधिवात, सोरायसिस, ल्युपस यांपैकी घरात कुणाला काही आहे का. प्रत्यारोपण झालंय का, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू आहेत का. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्रा कमी आणि साखरेवर लक्ष, कारण गुळवेल स्वतःच साखर उतरवते. दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर द्यायचीच नाही. शस्त्रक्रिया ठरली असेल तर आधीच बंद. गुळवेल लांबवायची असेल तर यकृताची रक्ततपासणी करून घ्यायला त्या सांगतात. लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली, अंगाला खाज सुटली, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी थांबवायचं आणि डॉक्टरांकडे जायचं, हे त्या चिठ्ठीच्या मागे लिहून देतात.

आमचं बोलणं चालू असताना एक चाळिशीच्या बाई आल्या. हातात पिशवी, पिशवीत कुंपणावरची तोडून आणलेली ताजी वेल. "ताई, काढा कसा करायचा तेवढं सांगा, रोज घेईन म्हणते." वैद्यबाईंनी वेल हातात घेतली, नखानं साल सोलून बघितली, मग त्यांना बसायला सांगितलं आणि विचारलं, "ताप आहे का?"

"नाही."

"मग काय होतंय?"

थकवा, केस गळणं, अंगावर सूज. वैद्यबाईंनी नाडी बघितली, गळ्यावरून बोटं फिरवली आणि चिठ्ठीवर एकच ओळ लिहिली: थायरॉइडची रक्ततपासणी, ॲंटिबॉडीसह. वेल पिशवीत परत गेली. रिपोर्ट येईपर्यंत तिला हात लावायचा नाही, असं त्यांनी बाईंना दोनदा बजावलं.